कुंपणाबाहेरची खुर्ची

"पिरॅमिडपासून आजपर्यंत मनुष्यजातीने जे जे म्हणून बांधलं, ते सगळं चुकीच्या पद्धतीने बांधलं," शैलेंद्रने जाहीर केलं.

"पिरॅमिड उभे आहेत अजून," मंजूषा म्हणाली. "तू लावलेलं शेल्फ मात्र मगाशी पडलं. लोणच्याच्या बरणीवर."

शैलेंद्रने शेल्फकडे पाहिलं नाही. मोठ्या विचारांच्या माणसाने शेल्फकडे पाहायचं नसतं. तो टेबलाशी बसून चिठ्ठ्यांचे रंग निवडत होता. सुताराला पिवळा, प्लंबरला निळा, गवंड्याला गुलाबी. गवंड्याला गुलाबी का, हे त्यालाही सांगता आलं नसतं, पण रंग ठरला की निम्मं काम झालं अशी त्याची श्रद्धा होती.

शैलेंद्र मूळचा पुण्याचा. हॉलंडमध्ये आला तो सॉफ्टवेअरच्या नोकरीवर. पण परदेशात राहिलेल्या माणसाचा हुद्दा हळूहळू असा काही होत जातो, की तो घरच्या मंडळींना फोनवर समजावून सांगता येत नाही. शैलेंद्र आता आर्नहेमच्या एका बांधकाम कंपनीत लीन कोच होता. लीन म्हणजे जपानमधल्या मोटारींच्या कारखान्यांतून निघालेली एक काटकसरीची विद्या. वेळ फुकट घालवायचा नाही, माल साठवून ठेवायचा नाही, माणसाला उगाच इकडून तिकडे हिंडवायचं नाही. वीट लागणार मंगळवारी, तर वीट यायची मंगळवारीच. सोमवारी आली तर ती वीट नव्हे, अडगळ. शिवाय प्रत्येक कामाचा मुकादम आपण या आठवड्यात काय पुरं करणार ते स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून फळ्यावर लावणार, आणि शुक्रवारी सगळ्यांसमोर मोजणी व्हायची: वचनं दिली किती, पाळली किती.

कंपनी विमानतळाजवळच्या हूफडॉर्प गावाच्या टोकाला घरांची एक रांग बांधत होती. त्या रांगेतलं शेवटचं घर शैलेंद्रने स्वतःच घेतलं होतं. म्हणजे वैद्यही तोच आणि रोगीही तोच. ऑफिसात त्याने हे रीतसर कळवलं होतं, आणि साहेबांनी खूश होऊन म्हटलं होतं, "छान! आता तुझ्या विद्येवर तुझा किती विश्वास आहे ते कळेल."

ते कळण्याची वेळ जरा लवकरच आली. मंजूषाचे वडील मोरेश्वरराव हॉलंडला यायला निघाले. डॉक्टरांनी त्यांचा हृदयाचा आलेख पाहून सांगितलं होतं, एवढा एक प्रवास करून या, पुढचा नको. मंजूषाने फोन ठेवला, डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "बाकी मला काही नको. व्हिसा संपून ते परत जायच्या आत बाबांचं पाऊल आपल्या नव्या घरात पडलं पाहिजे."

"पडलंच समज," शैलेंद्र म्हणाला. लीन कोचने असं म्हणायचं नसतं. वचन नेहमी काम करणाऱ्याने द्यायचं असतं. पण बायकोसमोर भलीभली शास्त्रं ढिली पडतात.

मोरेश्वरराव सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. मराठवाड्यातले कितीतरी पूल आणि विश्रामगृहं त्यांच्या सहीने उभी होती. जावयाला ते 'शैलेंद्रराव' म्हणत, 'अहो-जाहो' करत, त्याच्याकडून पाण्याचा पेलासुद्धा मागून घेत नसत, आणि तो कॉम्प्युटरवाला आहे ही गोष्ट त्यांनी मोठ्या मनाने माफ केली होती. त्यांच्या बॅगेत भाजणी, मेतकूट आणि सांडग्यांच्या मधोमध एक पांढरं हेल्मेट होतं.

"बाबा, हे कशाला आणलंत?" मंजूषाने विचारलं.

"तुझं बांधकाम चाललंय म्हणालीस ना?" ते म्हणाले, जणू कुणी पोहायला निघालेल्या माणसाला टॉवेल कशाला असं विचारलं होतं.

विमानतळावरून घरी येताना शैलेंद्रने त्यांना अभिमानाने सांगितलं, "बाबा, आत्ता आपण समुद्रसपाटीच्या खाली आहोत बरं का. इथे पूर्वी सगळं पाणी होतं."

मोरेश्वररावांनी खिडकीबाहेर पाहिलं. सपाट हिरवी जमीन, पाण्याने काठोकाठ भरलेले चर, एका चराच्या कडेला एका पायावर उभा असलेला बगळा.

"मंजुरी कुणी दिली?" त्यांनी विचारलं.

रविवारी शैलेंद्र त्यांना साईट दाखवायला घेऊन गेला. मोरेश्वररावांनी हेल्मेट चढवलं, पाठीमागे हात बांधले आणि कुंपणाच्या जाळीतून बराच वेळ आत पाहिलं.

"खडी कुठंय?"

"खडी नाही, बाबा. भिंतींचे तुकडे कारखान्यातून तयार होऊन येतात."

"विटा?"

"विटा लागतील त्या दिवशी येतात."

"आणि ट्रक बंद पडला तर?"

"इथे पडत नाही."

"ट्रक बंद पडत नाही?"

"नाही."

"हं," मोरेश्वरराव म्हणाले. "वॉचमन कुठं बसतो?"

"वॉचमन नाहीये."

"मग चोऱ्या?"

"चोरायला साईटवर काही ठेवतच नाही ना! यालाच लीन म्हणतात."

"लीन होणं जावयाला शोभतंच," मोरेश्वरराव म्हणाले. "पण शैलेंद्रराव, एक सांगतो, राग मानू नका. जगात कुठलंही बांधकाम समोर खुर्ची टाकून बसल्याशिवाय होत नाही. तुम्ही बसता का समोर?"

"मी शुक्रवारी येतो, बाबा. फळा बघायला. बाकीचे दिवस आर्नहेमला असतो. मुळात या पद्धतीत कुणावर नजर ठेवायची गरजच नाही. माणसं आपणहून शब्द देतात आणि आपणहून पाळतात."

"हं."

या 'हं'बद्दल थोडं सांगायला हवं. सरकारी खात्यात चाळीस वर्षं मुरलेला तो 'हं' होता. त्यात होकार नव्हता, नकार नव्हता, आणि उद्या चौकशी लागली तर पुरावाही नव्हता. या एका अक्षरावर मोरेश्वररावांनी मंत्री परतवले होते आणि कंत्राटदारांची झोप उडवली होती.

सोमवारी शैलेंद्र आर्नहेमच्या गाडीत बसला आणि इकडे मोरेश्वरराव मंजूषाला म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो. ती घडीची खुर्ची कुठाय गं, बाल्कनीतली?"

पाय मोकळे करायला खुर्ची कशाला, असा प्रश्न मंजूषाला पडला नाही. ती त्यांचीच मुलगी होती. बाप सुट्टीच्या दिवशीसुद्धा कुणाच्या तरी बांधकामासमोर बसलेला बघतच ती मोठी झाली होती. तिने खुर्ची दिली, थर्मासमध्ये चहा दिला, मफलर गुंडाळला आणि बसचं कार्ड कसं टेकवायचं ते दाखवलं.

आणि शैलेंद्रला काही सांगितलं नाही. कारण मोरेश्वररावांनीच बजावलं होतं, "जावयाच्या कामात सासऱ्याने नाक खुपसू नये. शुक्रवारी ते स्वतः असतात, तेव्हा मी जाणार नाही. बाकीचे दिवस खुर्ची नुसती कोपऱ्यावर असेल. कुंपणाबाहेर. फुटपाथ सरकारचा आहे."

साईटचा मुख्य माणूस वाउटर नावाचा उंच डच गृहस्थ होता. डोक्यावर केस नाहीत, बोलण्यावर झाकण नाही. सोमवारी सकाळी त्याने कुंपणाबाहेर पाहिलं. खुर्ची. खुर्चीवर कोट, टाय, मफलर आणि पांढरं हेल्मेट घातलेला एक वृद्ध भारतीय गृहस्थ. हातात काही नाही, चेहऱ्यावर काही नाही. नजर सरळ बांधकामावर.

"नगरपालिकेचा असेल," सुतार म्हणाला.

"नगरपालिकेची माणसं थर्मास आणत नाहीत," प्लंबर म्हणाला. "हा मुख्य ऑफिसचा दिसतोय. बाहेरून आणलेला तपासनीस."

"विचारू या का?" वाउटर म्हणाला. डच माणूस कुणालाही काहीही विचारू शकतो, अशी त्यांची ख्याती आहे. पण पांढरं हेल्मेट आणि थंड नजर यांच्यासमोर डच धीटपणाही जरा चाचरतो. तपासनीसाला 'तू तपासनीस आहेस का' असं विचारणं बरं दिसत नाही. तो ते लिहून ठेवतो.

शेवटी गेरिट गवंडी पुढे झाला. वयाने सगळ्यांत मोठा, हाताचा पक्का, आणि आपल्या भिंतीबद्दल नववधूच्या आईसारखा हळवा. त्याने कुंपणाजवळ जाऊन हसत हसत आपल्या नव्या भिंतीकडे बोट दाखवलं.

मोरेश्वररावांनी भिंतीकडे पाहिलं. शिष्टाचार म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं.

"हं," ते म्हणाले.

गेरिटचं हसू मावळलं. तो परत भिंतीपाशी गेला, एक डोळा मिटून तिच्या कडेकडेने बघितलं, ओळंबा लावला, पुन्हा बघितलं. मग वरचे दोन थर त्याने काढले आणि नव्याने रचले.

त्या दिवसापासून दहाची कॉफी दहा मिनिटांत संपायला लागली. टाइल्सवाल्याची शीळ बंद झाली. संध्याकाळी न सांगता झाडलोट व्हायला लागली. शुक्रवारी शैलेंद्र फळ्यासमोर उभा राहिला तेव्हा एरवी निम्म्यावर रेंगाळणारी पाळलेल्या वचनांची मोजणी एकदम वर गेली होती. पुढच्या शुक्रवारी आणखी वर. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तर एकच चिठ्ठी मागे राहिली, तीही प्लंबर पेन विसरला म्हणून.

शैलेंद्रला काय करू आणि काय नको असं झालं. आर्नहेमला साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. त्याने पडद्यावर आलेख दाखवला, वर जाणाऱ्या रेषेवर बोट फिरवलं आणि सांगितलं, "नजर काढून घ्या, विश्वास ठेवा. माणूस फुलतो." टाळ्या झाल्या. रात्री जेवताना त्याने तेच वाक्य घरीही म्हटलं.

"बाबा, बघितलंत? नजर काढून घेतली की माणूस फुलतो."

मोरेश्वररावांनी आमटीचा भुरका मारला. "हं."

मंजूषाला ठसका लागला.

आणि मग मोरेश्वररावांना सर्दी झाली. हूफडॉर्पच्या उघड्या रानातला वारा, त्यात पाऊस आडवा. मंजूषाने त्यांना गवती चहा दिला, दुलईत गुंडाळलं आणि घराबाहेर पडायचं नाही असा हुकूम काढला. त्या आठवड्यात शैलेंद्र शुक्रवारी नेहमीसारखा रुबाबात साईटवर गेला, आणि फळा बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. निम्म्याहून जास्त वचनं मोडलेली. त्याच्या स्वतःच्या घरात तर बाथरूमच्या टाइल्सचं खोकंसुद्धा फुटलं नव्हतं.

लीनमध्ये अशा वेळी रागवायचं नसतं. पाच वेळा 'का' विचारायचं असतं, म्हणजे मूळ कारण सापडतं. शैलेंद्रने वाउटरला बाजूला घेतलं.

"टाइल्स का लागल्या नाहीत?"

"टाइल्सवाला कॉफी पीत बसला म्हणून."

"का?"

"बाकीचे सगळे पीत बसले होते म्हणून."

"पण का?"

"कुणी बघत नव्हतं म्हणून."

"वाउटर, आपल्या पद्धतीत कुणी बघतच नाही! मग याच आठवड्यात असं का?"

"कारण या आठवड्यात तो आला नाही."

"कोण?"

"तुमचा तपासनीस," वाउटर म्हणाला. "पांढऱ्या हेल्मेटवाला. खुर्ची घेऊन येतो तो."

पाच 'का' पुरे व्हायच्या आत मूळ कारण सापडलं होतं, आणि ते आत्ता घरी दुलईत बसून वाफ घेत होतं.

शैलेंद्र बसमध्ये बसला तेव्हा त्याच्या मनात राग होता, नाचक्की होती, आलेखाची ती वर जाणारी रेषा होती. पण हूफडॉर्पच्या स्टेशनपर्यंत येता येता त्याने हिशोब मांडला. व्हिसा संपत आला होता. टाइल्स खोक्यात होत्या. तत्त्वाचं काय ते मागाहून बघता येईल. तो घरी आला, बूट काढले आणि सासऱ्यांसमोर हात जोडले.

"बाबा, मला सगळं कळलंय. माझं काही म्हणणं नाही. तुम्हाला बरं वाटलं की पुन्हा जाऊन बसा. हवं तर मी मोठी खुर्ची आणतो. छत्रीवाली."

मोरेश्वररावांनी डोक्यावरचा टॉवेल बाजूला केला. त्यांच्या मांडीवर शैलेंद्रने लिहिलेली लीनची पुस्तिका होती. मंजूषाने वेळ जावा म्हणून दिली होती, आणि दुसरं वाचायला काही नसल्यामुळे त्यांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली होती.

"नाही, शैलेंद्रराव," ते म्हणाले. "मी आता जाणार नाही."

"का?"

"पटलं मला. समोर बसून काम करून घेणं म्हणजे शुद्ध अपव्यय. तुम्हीच लिहिलंय. 'देखरेखीने दर्जा येत नाही, तो कामातच असावा लागतो.' काय वाक्य आहे! मी चाळीस वर्षं खुर्चीत बसलो. तेवढ्यात केवढं काही झालं असतं."

"बाबा, ते लिहायला ठीक आहे हो!"

"लिहायला ठीक आणि करायला नाही, असं कसं? एवढं छान लिहून तुमचा स्वतःचाच विश्वास नाही?"

"विश्वास आहे. पण टाइल्स लागत नाहीयेत!"

"पाच वेळा का विचारा," मोरेश्वरराव म्हणाले आणि पुन्हा वाफाऱ्यात गेले.

आयुष्यात प्रथमच कुणीतरी शैलेंद्रच्या विद्येला पूर्ण शरण आलं होतं, आणि नेमकी तीच वेळ अशी होती की त्या शरण आलेल्या माणसाला धरून हलवावंसं वाटत होतं. जावयाने खुर्चीची थोरवी गायची आणि बांधकाम खात्याने तत्त्वज्ञान सांगायचं, असं बराच वेळ चाललं. शेवटी स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन मंजूषा बाहेर आली.

"झालं दोघांचं? शैलेंद्र, एक सांग. त्या माणसांना तू सांगितलंस का, आपल्याला घाई का आहे ते?"

"फळ्यावर तारीख आहे ना."

"तारीख नाही विचारली मी. बाबा परत जाणार आहेत, पुन्हा येणार नाहीत, हे सांगितलंस?"

"ते खाजगी आहे, मंजू. कोचने स्वतःच्या घराचं रडगाणं लावलं तर..."

"धन्य आहे. ग्राहकाला काय हवंय ते आधी विचारा म्हणून गावभर सांगत फिरतोस, आणि स्वतः ग्राहक असून मूग गिळून बसलायस. काखेत कळसा!"

पुढचा 'गावाला वळसा' तिने लाटण्याने हवेतच काढला.

सोमवारी शैलेंद्र आर्नहेमला गेला नाही. सकाळी साडेसातला तो साईटवरच्या केबिनमध्ये फळ्यासमोर उभा राहिला आणि अडखळत सगळं सांगून टाकलं. खुर्चीवरचे गृहस्थ तपासनीस नाहीत, माझे सासरे आहेत. नुसते बसायचे, तसं बसणं हा आमच्याकडचा रिवाज आहे. ते लवकरच परत जाणार आहेत आणि डॉक्टर त्यांना पुन्हा येऊ देणार नाहीत. माझ्या बायकोला त्यांचं पाऊल घरात पडायला हवं आहे.

कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत होतं.

"म्हणजे तो तपासनीस नाही," गेरिट सावकाश म्हणाला.

"नाही."

"मग मी ते दोन थर कशाला काढले?"

"ते मला माहीत नाही, गेरिट. ते फक्त 'हं' म्हणाले असतील."

"हो! तेच म्हणाला तो!"

पहिल्यांदा प्लंबर हसला. मग सुतार. मग टाइल्सवाल्याने टेबलावर डोकंच ठेवलं. गेरिट तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "पण थर वाकडे होते. अगदी थोडे. ते त्याने बरोबर ओळखलं."

वाउटर फळ्यापाशी गेला. सगळ्यांत शेवटी शैलेंद्रने लावलेली चिठ्ठी होती: 'घर ताब्यात', आणि खाली तारीख. ती त्याने काढली.

"तुम्ही कोच लोक," तो म्हणाला, "तारीख लिहिता. तारखेसाठी कोण धावतं? माझ्याकडे तारखा पुष्कळ आहेत." त्याने नवी चिठ्ठी घेतली आणि मोठ्या अक्षरांत डच भाषेत लिहिलं: 'आजोबा नव्या घरात जाणार.' मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "आता शेवटाकडून मागे या. कोण काय करतो?"

चिठ्ठ्या लागायला लागल्या. रांगेतली सगळी घरं थोडी थोडी पुढे नेण्याऐवजी शेवटचं घर आधी एकटं पुरं करायचं ठरलं. तुमच्या पुस्तिकेत हेच लिहिलंय, असं वाउटरने शैलेंद्रला सांगितलं. शैलेंद्रने घरी जाऊन पाहिलं; खरंच लिहिलं होतं.

टाइल्स लागल्या. दारं बसली. खिडक्यांच्या काचांवरची निळी पट्टी निघाली. सगळं झालं, फक्त वीज आली नाही. वीजजोडणीच्या रांगेत हूफडॉर्पच्या नव्या घरांना पुढच्या महिन्याची तारीख मिळाली होती, आणि त्या रांगेला ना चिठ्ठी कळत होती ना आजोबा. विजेशिवाय घराचा ताबा नाही. ताब्याशिवाय किल्ली नाही.

"किल्ली देता येणार नाही," वाउटर म्हणाला. "पण घर बघायला ग्राहकाला कधीही येता येतं. शनिवारी या. मी दार उघडून उभा राहतो. दारातून आत गेल्यावर तुम्ही काय करता ते मी विचारणार नाही."

पण त्याने विचारलंच. शनिवारी मंजूषा नऊवारी नेसून, कलश, नारळ, समई आणि हळदकुंकू घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा वाउटर तिच्या हातातल्या प्रत्येक वस्तूकडे काळजीने बघत होता. ताबा झालेला नाही म्हणजे ही अजून साईट. साईट म्हणजे हेल्मेट आणि लोखंडी टोकाचे बूट.

"बूट घालून गृहप्रवेश?" मंजूषा म्हणाली. "अनवाणी पाऊल पडायला हवं हो!"

"अनवाणी? इथे?" वाउटरचा चेहरा पांढरा पडला.

मोरेश्वररावांनी हात वर केला. "साईट म्हणजे साईट. नियम म्हणजे नियम. बूट आण."

बूट आणले. त्यांच्या पायाला दोन मापं मोठे. मंजूषाने नाइलाजाने त्या बुटांच्या लोखंडी टोकांवर हळदकुंकू लावलं आणि अक्षता टाकल्या.

समई पेटवायला वाउटरने साफ नकार दिला. थंडी अडवायला भिंतीत फोम भरलेला आहे, उघडी ज्योत चालणार नाही. तेव्हा सुताराने आपली बॅटरी दिली, आणि मंजूषाने ती समईच्या जागी उभी करून तिला फूल वाहिलं. नारळ फोडायचा म्हटल्यावर गेरिटने हात आडवे धरून उंबरठा वाचवला. दगड हवा, निदान वीट तरी. पण साईटवर एकही जादा वीट नव्हती. शैलेंद्रची विद्या तेवढ्या बाबतीत पुरेपूर यशस्वी झाली होती. मग गेरिट आपल्या व्हॅनकडे गेला आणि सीटखालून एक वीट घेऊन आला.

"असावी म्हणून ठेवली होती," तो जरा ओशाळून म्हणाला.

मोरेश्वररावांनी त्याच्याकडे पाहिलं. शब्द त्यांना कळला नव्हता, पण माणूस कळला. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. वाउटरने सगळ्यांना डोळ्यांवर संरक्षक चष्मे लावायला दिले. नारळ फुटला.

आणि मोरेश्वररावांनी उजवा बूट उचलून घरात ठेवला.

मंजूषा रडली. टाइल्सवाल्याने टोपी काढली, वाउटरने खूण केल्यावर पुन्हा घातली. मोरेश्वरराव जोड्यांचा टपटप आवाज करत एकेका खोलीत गेले. भिंतीवर बोटाच्या पेराने ठकठक केली, कोपऱ्यात एक डोळा मिटून वर पाहिलं, बाथरूमच्या फरशीवर बाटलीतलं थोडं पाणी ओतून ते जाळीकडे कसं धावतं ते बघितलं. वरून एक विमान उतरायला निघालं होतं; त्याचा आवाज संपेपर्यंत ते थांबले. मग दिवाणखान्याच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि डोळे मिटले. गेरिट श्वास रोखून होता. सगळेच होते.

ही वेळ आपली आहे, असं शैलेंद्रला वाटलं. रात्रभर त्याने मनाशी जुळवाजुळव केली होती.

"बाबा," तो म्हणाला, "हे घर नुसतं चिठ्ठ्यांचं नाही आणि नुसतं देखरेखीचंही नाही. इथल्या प्रत्येक हाताला ठाऊक होतं की हे कुणासाठी चाललंय. मी एवढी वर्षं लोकांना पद्धती शिकवत फिरलो, पण बांधणं म्हणजे काय ते मला या घराने शिकवलं. वाया काय गेलं आणि कामी काय आलं, हे आता तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून ऐकायचंय. आज मी तुमच्याकडून एकच शब्द मागतो."

त्याने मागे वळून सगळ्यांसाठी डचमध्ये थोडक्यात तर्जुमा केला. सगळ्यांनी माना हलवल्या आणि मोरेश्वररावांकडे पाहिलं.

मोरेश्वररावांनी डोळे उघडले. ओठ जुळवले, पुन्हा सोडले. काहीतरी मोठं वर येतंय असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"शैलेंद्र," ते हळूच म्हणाले, "मंजूने सकाळी नवी लोकरीची बंडी घालायला लावलीय. जरा पाठ खाजव रे. डावीकडे. नाही, आणखी वर."